ठेवणीतला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नऊ वर्षं जगलो आणि त्यातले जेमतेम तेवीस दिवस रस्त्यावर चाललो. बाकीचं आयुष्य अंधारात पडून काढलं. स्वतःचं कौतुक सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तरी सांगतो, कारण माझ्यामुळे एक माणूस गेलं.

कारखान्यात कापडाचे, तारांचे आणि काळ्या रबराचे थर एकावर एक चढवून मला तापलेल्या साच्यात दाबलं, तेव्हाच माझ्या कुशीवर चार आकडे उमटले : २३१६. म्हणजे दोन हजार सोळा सालचा तेविसावा आठवडा. ही माझी जन्मतारीख. अशी तारीख प्रत्येक टायरच्या कुशीवर असते आणि बहुतेक घरांत ती कुणी वाचत नाही.

एका पांढऱ्या गाडीबरोबर आम्ही पाच भाऊ बडनेऱ्याला पुंजाजींच्या घरी आलो. गाडी त्यांच्या मुलानं, स्वप्निलनं घेतली होती. चौघे चाकांना लागले. मी स्टेपनी, म्हणून डिक्कीत सतरंजीखाली गेलो. पुंजाजी रेल्वेत चाबीवाले होते. रुळांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत रोज कोसच्या कोस चालायचं, सैल झालेली चाबी आवाजावरून ओळखायची आणि घट्ट करायची, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या टापूत एकही गाडी घसरली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो असावाच.

त्यांच्या बायकोचं नाव इंदूबाई. या घराची एक रीत होती. चांगली वस्तू आली की ती आधी ठेवणीत जायची. नवे कप कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपांत. नवी चादर पेटीत. गाडीच्या सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा तीन वर्षं निघालं नव्हतं. गरिबीतून वर आलेली माणसं होती ती, त्यांना हसू नका. मीही त्यांच्या ठेवणीतलाच एक. पाहुणे आले की पुंजाजी डिक्की उघडून मला दाखवायचे. "स्टेपनी पाहा, नवीकोरी हाये. जमिनीले लागली नाई अजून." मी आनंदानं फुगून जायचो.

पण डिक्कीत काय चाललं होतं, ते सांगतो. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी दिवसभर उन्हात उभी असली की डिक्कीचा तवा होतो. दर उन्हाळ्यात माझ्या अंगातला ओलावा थोडा थोडा उडत गेला. पंक्चर झालं तर दुकानदार जागेवरच काढून द्यायचा, त्यामुळे माझी गरज कधी पडली नाही. माझे भाऊ झिजले, बदलले, त्यांच्या जागी दुसरे चार आले. मी मात्र तसाच, नक्षीसकट कोरा. रात्रंदिवस पत्र्यातून रस्त्याचा आवाज ऐकायचो आणि तळमळायचो.

यंदाच्या एप्रिलमध्ये ते दुसरे चारही गुळगुळीत झाले. घरात घाई होती. लेक माया अकोल्याला दिलेली, तिला आठवा लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. एका रविवारी सगळे अमरावतीला गोवर्धनच्या टायरच्या दुकानात आले. तिथून पुढं बाळासाठी दुपटी, टोपडी घ्यायला जायचं होतं.

पुंजाजींनी मला बाहेर काढायला लावलं. "तीन नवे दे. चौथा हा लाव."

गोवर्धननं माझ्या कुशीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि आकडे वाचले. "काका, सोळा सालचा हाये हा. बसल्या बसल्या रबर मरून जाते. बारीक भेगा पाहा ना. याले स्टेपनीतच राहू द्या."

"चालला कुठी थो? त्याची नक्षी पाय. एक किलोमीटर नाई चालला."

स्वप्निल म्हणाला, "बाबा, चारही नवेच घेऊ. मायाले आनायचं हाये."

"कोऱ्या वस्तूले भंगारात टाकतं का? दिवाईपर्यंत चालवू, मंग पाहू."

इंदूबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अवो, पोराच्या पयल्या पगाराचं माह्यं पांढरं पातळ. एकडाव नाई नेसलं. काल काहाडलं त घडीवरच फाटलं. ठेवल्या ठेवल्याबी वस्तू मरते."

"पातळ अन् टायर एक असते का?" पुंजाजी हसले. बाकीचेही हसले. मग त्यांनी गोवर्धनकडून हातोडी मागून घेतली, मला उभं धरलं, वाकून कान लावला आणि ठोकलं. ठण्ण! माझा आवाज खणखणीत निघाला. "ऐकलं? चाबी ठोकू ठोकू जिंदगी गेली माही. मले आवाज समजते."

मित्रांनो, इथंच चूक झाली. लोखंडाला तडा गेला की ते बद्द वाजतं. रबराचं उलट आहे. जिवंत, मऊ रबर बद्द वाजतं आणि वाळून कडक झालेलं रबर ठणठणतं. अठ्ठावीस वर्षं ज्या कानानं हजारो माणसं सुखरूप नेली, तोच कान त्या दिवशी फसला. बापाच्या शब्दापुढं त्या घरात कुणी जात नसे, म्हणून स्वप्निलनं तीन टायरचेच पैसे मोजले. गोवर्धन म्हणाला, "लावतो बाप्पा, पन मागं लावतो," आणि मला मागच्या डाव्या चाकाला चढवलं.

मला बोलता येत नव्हतं. पण खरं सांगतो, येत असतं तरी मी बोललो नसतो. मला रस्ता हवा होता.

बावीस दिवस मी शहरात फिरलो. बाजार, दवाखाना, शाळेचा चौक. डांबराचा, मातीचा, पाण्याचा स्पर्श मला कळला. ते दिवस सुखाचे होते. ते आठवले की आता माझी मलाच लाज वाटते.

तेविसाव्या दिवशी, मे महिन्यात, आम्ही अकोल्याला गेलो. मायाच्या सासूनं ओटी भरली, जेवणं झाली. "ऊन उतरल्यावर निघा," असं तिनं दोनदा म्हटलं. पण पुंजाजी रेल्वेचे. "अडीच म्हंजे अडीच." मागच्या सीटवर माया डावीकडे बसत होती. इंदूबाईंनी तिला उठवलं. "तू तिकडं सरक. या बाजूनं ऊन लागते, इथं मले बसू दे." आणि त्या डावीकडे, बरोबर माझ्या वर, बसल्या.

मूर्तिजापूर मागे पडलं. डांबर पेटल्यासारखं तापलं होतं. स्वप्निल चालवत होता, पुंजाजी त्याच्या शेजारी होते आणि गाडी वेगात होती. माझ्या कुशीतल्या एका भेगेतून दुसरी भेग निघाली, मग तिसरी. मी धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. ज्या रबराला नऊ वर्षं कुणी वाकवलं नाही, त्याला एकदम वाकता येत नाही. मी फुटलो.

गाडी मागून झोकांडली. स्वप्निलनं स्टिअरिंग फिरवलं, पण ती आडवी होऊन रस्त्याखाली उतरली आणि मागची डावी बाजू बाभळीवर आदळली. धूळ खाली बसली. मग इंदूबाईंचा आवाज आला. "माया, पोटाले लागलं का वं?"

"नाई आई, नाई लागलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

पुढचं मला अंगणात पडल्या पडल्या कळलं. माया, स्वप्निल आणि पुंजाजी वाचले. त्याच आठवड्यात मुलगी झाली, दिवसांच्या आधी, पण धडधाकट. तिचं नाव आचल ठेवलं. इंदूबाईंना शेवटचं नेसवताना शेजारच्या साधनाबाईंनी कपाटातून तेच पांढरं पातळ काढलं आणि फाटलेली घडी आत वळवली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे इंदूबाईंच्या स्मरणाच्या दिवशी लोक आले तेव्हा पुंजाजींनी पेट्या, कपाटं उघडली आणि सगळ्यांना नव्या कपांतून चहा दिला. त्या घरात ठेवणीत आता काहीच नाही.

मोडलेली गाडी भंगारात गेली. पुंजाजींनी मला मात्र भंगारवाल्याकडून मागून आणलं. स्वप्निल म्हणाला, "बाबा, काहून आनलं याले?" ते म्हणाले, "राहू दे. मले रोज पाहाचा हाये थो."

आता ते पहाटे उठून स्टेशनासमोर उभ्या गाड्यांच्या रांगेतून चालतात. प्रत्येक चाकाशी वाकून कुशीवरचे आकडे वाचतात. जुना टायर दिसला की मालकाची वाट पाहत तिथंच थांबतात. कुणी ऐकून घेतं, कुणी हाकलतं, कुणी म्हातारा खुळा झाला म्हणून हसतं. ते आपले पुढच्या गाडीकडे जातात.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. आजच तुमच्या गाडीजवळ जा, खाली वाका आणि ते चार आकडे वाचा. डिक्कीतल्या टायरचेही वाचा. नक्षी पाहून फसू नका. आणि घरातली एखादी बाई साडीचं उदाहरण देऊन काही सांगत असेल, तर हसण्याआधी तिचं ऐकून घ्या.

फेरी संपवून पुंजाजी अंगणात येतात, माझ्याजवळ उकिडवे बसतात, बोटांच्या पेरांनी मला एकदा ठोकतात आणि कान लावतात. आता आवाज फुटका येतो. ते मान हलवतात आणि म्हणतात, "हो, इंदू. मेला होता थो."