नकटीचा परवलीचा शब्द

"पार पुसून टाक," फिदेलिना म्हणाली. "आतलं काही नको मला."

पिलार गावच्या शाळेत दर वर्षीप्रमाणे संगणकांवर लिनक्स ही फुकटची प्रणाली बसवून द्यायचा मेळावा भरला होता. फिदेलिनानं नवऱ्याचा लॅपटॉप बसवून देणाऱ्या पोरापुढे, देर्लिसपुढे ठेवला. नवरा, अपारिसियो, उन्हाळ्यात गेला.

खरं दुखणं निराळंच होतं. गेल्या मेळाव्यात अपारिसियोनं स्वतःच्या हातानं लिनक्स बसवलं आणि घरी येऊन मिशीत हसत सांगितलं, की परवलीचा शब्द म्हणजे मी तुला हाक मारतो तोच. जन्मभर तो तिला 'न्याता' म्हणत आला, म्हणजे नकटी. तो गेल्यावर तिनं ते नाव हजारदा घालून पाहिलं, पण लॅपटॉप काही दाद देईना. नणंद निमिया खवचटपणे म्हणाली, की दुसरीच कुणी नकटी असेल बाई. झालं! ते कुसळ जे रुतलं ते रुतलंच.

देर्लिसनं पेनड्राइव्ह लावला. डिस्क पुसायच्या बटणाशी येऊन त्यानं सहज विचारलं, कुठला शब्द घालून पाहिलात. तिनं ओशाळत सांगितला. त्याचं बोट थबकलं. न्यातामधला न म्हणजे स्पॅनिशातला, डोक्यावर लाट असलेला न. कीबोर्डात कुणी हात घातला होता का, त्यानं विचारलं. हो, भाच्यानं. अपारिसियो इस्पितळात असताना लॅपटॉप चालूच होता, तेव्हा मावशीला नीट लिहिता यावं म्हणून पठ्ठ्यानं कीबोर्ड इंग्रजीचा स्पॅनिश करून ठेवला.

देर्लिसनं कपाळावर हात मारला. बसवताना कीबोर्ड कुठला ते विचारतात, पण आपल्याकडची माणसं वाचतात कुठे, दाबतात आणि पुढे जातात. मग यंत्र सगळ्या कळा इंग्रजी समजून बसतं. लाटेच्या नची कळ दाबली, की मुकाट अर्धविराम उमटतो. पडद्यावर नुसते ठिपके, माणसाला कळावं कसं? आणि अपारिसियो लिहायचा थोडाच, तो पत्ते खेळायचा. भाच्यानं कीबोर्ड बदलला आणि तीच कळ खरा लाटेचा न उमटवू लागली, यंत्र मात्र अर्धविरामाचीच वाट बघत राहिलं.

त्यानं पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. "मावशी, लाटेच्या नच्या जागी अर्धविराम घाला. पुढचं तुमचंच नाव."

पहिल्यांदा शिफ्टची कळ दाबायची राहिली आणि तिच्याकडून स्वल्पविरामच पडला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! दुसऱ्यांदा लॅपटॉप उघडला. तिनं पत्त्यांचा खेळ उघडला, तर अपारिसियोचा डाव अर्धाच पडलेला होता.

"म्हणजे रोज तो मलाच..."

"रोज तुम्हालाच. यंत्राला नीट ऐकू आलं नाही, एवढंच."

फिदेलिना भरल्या वर्गात रडली, अगदी हुंदके देऊन, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. देर्लिसनं तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग त्यानं विचारलं, परवलीचा शब्द दुरुस्त करून देऊ का, म्हणजे अर्धविरामाऐवजी लाटेचाच न घालता येईल.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "बंद कर फक्त. मला परत उघडायचाय."