हितसंबंध निरंक

उसाच्या ट्रॉलीला कोणती पिन लावायची, हे ठरवायला कोल्हापुरात समिती बसली, तेव्हा गैबी शिकलगाराला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी अक्कल आली. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी ती लोखंडी पिन खड्ड्यात उसळून निघाली की भरलेली ट्रॉली चढावरून मागं सुटते. गेल्या हंगामात गगनबावड्याच्या रस्त्यावर अशीच एक सुटली आणि गैबीच्या शेजारचा ड्रायव्हर गुंडू, चाकामागं दगड लावायला उतरला होता तो, जन्माचा एका पायाचा झाला. त्यानंतर महिनाभर आपल्या लेथवर खपून गैबीनं खटक्याची पिन केली. खटका दाबल्याशिवाय ती काही केल्या निघत नव्हती. लहान कारागिरांचा प्रतिनिधी म्हणून समितीत त्याला घेतलं, तेव्हा ती पिन तो पिशवीत घालूनच गेला.

समितीचे अध्यक्ष विजयसिंह आबा. जिल्ह्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांना सरळ, बिनखटक्याच्या पिना पुरवणारं वर्कशॉप त्यांचंच. पण असल्या किरकोळ गोष्टी ते ध्यानात ठेवत नसत. सचिव पूर्णिमा ही तरुण इंजिनिअर, नियमांवर भारी श्रद्धा असलेली. तिनं प्रत्येकापुढं एकेक कागद ठेवला : या विषयात आपला काही हितसंबंध आहे काय?

आबांनी झोकात लिहिलं, ‘निरंक’.

शेजारी बसलेल्या गैबीला राहवेना. “आबा, आन् वर्कशॉप?”

“ते मंडळींच्या नावावर हाय की!” आबा म्हणाले. “माझं काय हाय त्यात?”

बाकीच्यांनीही भराभर निरंक लिहून टाकलं. त्यातला एकजण आबांना लोखंड पुरवत होता, दुसरा त्यांच्या पिना विकत होता आणि तिसरा त्यांचा सख्खा साडू होता. गैबीनं मात्र चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘खटक्याची पिन मी करतो. कुणीही करावी, माझी ना नाही.’

कागद वाचून पूर्णिमाचा चेहरा उतरला. “गैबीचाचा, मतदान होईपर्यंत तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

“एकट्यालाच?”

“कागदावर हितसंबंध तुमच्या एकट्याचाच आहे.”

“नियम म्हंजे नियम, गैबीभाई,” आबा फार हळहळून म्हणाले.

गैबी व्हरांड्यात जाऊन बसला. चहा थंड व्हायच्या आत निकाल लागला. पिन सरळच असावी, तिला खटका नसावा, तिच्यावर समितीचा शिक्का असावा. शिक्का नसेल तर ट्रॉली साखर कारखान्याच्या गेटातून आत सोडू नये. आत टाळ्या पडल्या. गैबीला संताप आला तो स्वतःच्याच खरेपणाचा. आता गुंडूला कोणत्या तोंडानं सांगायचं?

चार दिवसांनी आबा स्वतः त्याच्या लेथवर हजर झाले.

“गैबीभाई, तीन पिना पायजेत. खटक्याच्या.”

“कुणाला?”

“आमच्या धैर्यशीलनं ट्रॅक्टर घेतलाय. गगनबावड्याकडनं ऊस आणणार म्हणतोय. पोरगं हाय वो, त्या चढाला...”

हातातला हातोडा आबांच्या पायावर टाकावा असं गैबीला क्षणभर वाटलं. पण ट्रॅक्टरवर आबा बसणार नव्हते, पोरगं बसणार होतं. त्यानं फळीवरच्या तीन पिना काढून दिल्या.

“तेवढा समितीचा शिक्का कोरा की त्यावर, आमच्या वर्कशॉपात मारला तर बोभाटा हुईल,” आबा हळूच म्हणाले.

“शिक्का सरळ पिनेचा हाय. खोटा शिक्का मी मारत न्हाय.”

“आरं, मग गेटवर अडवतील की!”

“अडवू देत. इचारलं तर खरं सांगायला सांगा पोराला. म्हणावं, बाच्या पिनेवर भरवसा न्हाय.”

आबांनी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, पिना टॉवेलात गुंडाळल्या आणि गाडीत बसले.

हंगाम सुरू झाला. मानक मोडलं म्हणून गेटवर पहिली ट्रॉली अडवली ती धैर्यशीलची. आबांनी फोन करून ती सोडवली. तिच्यामागं रांगेतल्या सगळ्या ट्रॉल्यांना शिक्क्याच्या सरळ पिना होत्या; त्यांना कुणी अडवलं नाही.