कमानीच्या सांध्यातलं सिमेंट

"दादा, उतर ना खाली! पाय अजून धड बरा नाही तुझा," धाकटा परांचीखालून ओरडत होता.

थोरला ऐकतो कसला! पाय मोडल्यापासून वर्षभर त्याला चर्चच्या या टोकदार कमानीपाशी चढता आलं नव्हतं; तिचे सांधे नव्याने भरायचं काम धाकट्याने एकट्यानेच उरकलं होतं. शंभरएक वर्षांपूर्वी इथे दगड मिळेना, तेव्हा बांधणाऱ्यांनी मागच्याच मैदानात भट्टी लावली आणि दगडी नक्षीची हौस विटांवर भागवली. कमानीला निमुळत्या विटा, खांबांना गोलाईच्या. मऊ विटा त्या, सांध्यात चुनाच मागणाऱ्या. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. धाकट्याच्या हातात पहिल्यांदा थापी दिली, तेव्हा थोरल्याने आधी हेच शिकवलं होतं.

आता विटेवरून हात फिरवला तर पापुद्रे हातात आले. त्याने छिन्नी सांध्यात घातली. नखाएवढा चुना निघाला आणि खाली करडं, टणक सिमेंट लागलं. त्याने शेजारचे सांधे उकरले, तिथेही तेच.

तो कसाबसा खाली उतरला. "हे काय रे?"

"फादर रोज विचारायचे, कधी होणार म्हणून. चुन्याला वेळ लागतो. मी एकटा होतो, दादा."

"सिमेंट भरलंस ते भरलंस. वरून चुना कशाला? फादरना कळतो चुना?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

धाकट्याने मान खाली घातली. "तू बघशील म्हणून."

थोरला पायरीवर बसला. घाई त्याने पोटात घातली असती. पण वरचा चुना काय सुबक ओढला होता! त्याने शिकवलेली सगळी कारागिरी त्याच्याच डोळ्यांत धूळ फेकायला खर्ची पडली होती.

"केसानं गळा कापलास माझा," तो म्हणाला.

तेवढ्यात फादर आले. "काम झकास झालंय हं! दोघा भावांचा हात अगदी एकसारखा."

"काम चुकलंय, फादर," थोरला उठत म्हणाला. "आमच्या हातून चुकलंय. पुन्हा करून देतो."

तो परत परांची चढू लागला. धाकटा छिन्नी घेऊन मागे आला.

"तू नको," थोरला वळून न बघताच म्हणाला.

सिमेंट निघताना विटांच्या कडा तुटून येत होत्या. थोरला एकेक कडा उचलून फळीवर ठेवत होता. खाली धाकटा तसाच उभा होता. अंगावर लाल भुगा पडत होता, पण तो बाजूला सरला नाही.