बारीक कमरेचा बिट आणि आबांचा जिना

मित्रांनो, माझी कंबर बारीक आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचे आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. मी लोखंडाला भोक पाडणारा एक जुना ड्रिल बिट आहे. माझ्या एका टोकाला धार आहे, दुसऱ्या टोकाला सहा बाजूंचा दांडा आहे आणि मधे ही कंबर. सहा बाजू असल्यामुळे मी इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाच्या यंत्रात खटकन बसतो आणि कितीही जोर लागला तरी आतल्या आत घसरत नाही. गोल दांड्याच्या माझ्या भावंडांना ते जमत नाही. ही बढाई नव्हे, जे आहे ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची एकच सळई घेऊन तिला तापवले, तेलात बुडवले, पुन्हा तापवले. मग दगडी चाकावर धरून माझ्या अंगावर पिळाच्या खोबणी काढल्या. शेवटी एका कामगार बाईने मला आडवे धरले आणि नेमके मधेच घासायला घेतले. मला वाटले, संपलो! आता आपले दोन तुकडे होणार. शेजारच्या यंत्रावरच्या माणसालाही राहवले नाही.

"अहो बाई, चांगला जाडजूड होता की! कशाला रोडावताय त्याला?"

"त्याला मार खायचाय," बाई मान वर न करता म्हणाली. "फटका बसला की इथे जरासा पिळला जाईल आणि परत सरळ होईल. सगळा ताठ ठेवला तर पहिल्या दिवशीच मोडेल."

तेव्हा मला माझी कंबर कळली. इतरांना कळायला मात्र बराच वेळ लागला.

तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. समोरच्या काचेच्या कपाटात सोनेरी बिटांचे डबे भाव खात बसलेले असत. मी मागच्या भिंतीवर, खिळ्यांच्या पाकिटांशेजारी टांगलेला. भिंत फोडणारा एक धिप्पाड बिट मला काडीपैलवान म्हणायचा. गिऱ्हाईक मला हातात घेई, मधल्या भागावर बोट फिरवी आणि विचारी, "काकू, हा वापरलेला आहे का हो? झिजलाय इथे." मग मी पुन्हा आकड्यावर. मला राग यायचा, पण मनातून मी खचलो नाही. आपण कशासाठी घडलो आहोत हे ज्याला ठाऊक असते, त्याला वाट बघता येते.

एके दिवशी दुपारी एक बाई घाईघाईने आत आल्या. त्या लोकांच्या घरी पडदे शिवून, दांड्यांसकट बसवून देत. त्यांच्या घरातले सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. त्यांनी मूठ उघडली. काउंटरवर सोनेरी तुकडे पडले.

"काकू, सकाळपासून दोन मोडले. तिसऱ्याचा दांडा मशीनमध्ये राहिला आणि बाकीचा खांबात अडकला."

काकूंनी तुकडा उजेडात धरला. "हे तुझा दादा घेऊन गेला होता ना? मी विचारलं, काय काम आहे. म्हणाला, भोक पाडायचंय. पुढचं विचारेपर्यंत पैसे ठेवून पसार!"

"तो तसाच आहे," ताई म्हणाली. "त्याआधी तर त्याने जुन्या गोल बिटाला चिकटपट्टी गुंडाळली, जाड केला आणि माझ्या पडद्यांच्या मशीनमध्ये कोंबला. मशीन गरगर फिरतंय आणि बिट आपला जागच्या जागी उभा!"

दोघी हसल्या. पण ताईचे हसू लगेच मावळले. तिने काकूंना सगळे सांगितले. तिचे वडील, आबा, घड्याळे दुरुस्त करत. त्यांची खोली आणि कामाचे टेबल वरच्या मजल्यावर होते आणि तिथे जायला मागच्या अंगणातून लोखंडी जिना होता. जिन्याच्या एका बाजूला भिंत आणि कठडा होता. दुसऱ्या बाजूला नुसते खांब उरले होते, कठडा कधीच गंजून गेला होता. त्याच उघड्या बाजूने, अगदी वरच्या पायरीवरून आबा पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. आज संध्याकाळी ते दवाखान्यातून घरी येणार होते. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही हातांना धरायला असेल तर हळूहळू जिना चढू द्या, नाहीतर नाही.

"वहिनीने पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकून ठेवलीय," ताई म्हणाली. "तिचंही चुकत नाही, तिनेच त्यांना पडलेलं पाहिलं. पण आबा एकदा खाली राहिले की कायमचेच खाली राहतील, काकू. घड्याळांशिवाय ते नुसते बसून राहतील."

काकूंनी तुकडे बाजूला सारले. "मग नीट ऐक. तुझं मशीन भिंतीच्या मशीनसारखं पुढे ठोकत नाही. फिरता फिरता अडलं की फिरवायच्याच दिशेने फटके मारतं. हे सोनेरी बिट बघ. दांडा वेगळा, पुढचा भाग वेगळा, मधे जोड दिलाय. सोनेरी रंगाचं मला वावडं नाही, लाकडाला हलक्या हाताने हे चालतील. तुझ्या फटक्यांना जोड टिकायचा नाही."

"मग कुठला घेऊ म्हणता?"

काकू मागे वळल्या आणि त्यांनी मला आकड्यावरून काढले. मित्रांनो, त्या क्षणी त्या धिप्पाड बिटाचे तोंड पाहण्यासारखे झाले होते!

"हा लोखंडासाठीच आहे. एकाच सळईचा आहे, आखूड आहे म्हणून कमी लचकतो. दांड्याला ही खाच बघ, मशीन इथे त्याला धरून ठेवतं. आणि ही कंबर बारीक आहे म्हणून परत करायला येऊ नकोस, ती मुद्दाम ठेवलीय. आधी पंचाचं टोकदार तोंड लोखंडावर ठोकून खूण कर, तेलाचा थेंब टाक आणि सावकाश घे. दादाच्या हातात देऊ नकोस."

ताईने हे सगळे ऐकले. शेवटचे सोडून.

अंगणात पोहोचल्यावर मी कामाला लागलो. मशीनमध्ये खटकन बसलो, तेलाचा थेंब पडला आणि पहिल्या खांबात शिरलो. लोखंड अडले तसे मशीनने फटके मारायला सुरुवात केली. टक, टक, टक! माझी कंबर पिळली गेली आणि परत सरळ झाली. लोखंडाचा लांबलचक कुरळा कीस बाहेर आला. भोक आरपार! दादा म्हणाला, "अरे वा, हा तर वाघ निघाला!" त्या दिवसापर्यंत माझे असे कौतुक कोणी केले नव्हते. ताई भोके पाडत वर चढत गेली, दादा मागून कठड्याचा पाइप धरून बोल्ट आवळत आला.

फक्त सगळ्यात वरचा खांब राहिला. ताईचा हात भरून आला होता. दादाने मशीन घेतले, "सरक, मी करतो एका मिनिटात," म्हणाला आणि चाप पूर्ण दाबला. ना तेल, ना उसंत. मी नुसता गरगरत राहिलो. आधी तापलो, मग धूर निघाला आणि मग माझी धार निळी पडली. भोक अर्ध्यावर राहिले आणि मी लोखंडावरून नुसता घसरू लागलो. मी मोडलो नाही, पण माझा उपयोगही उरला नाही. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात पुढच्या दारात टॅक्सी आली. वहिनीने आबांना हात धरून उतरवले, मागच्या अंगणात आणले आणि खुर्चीत बसवले. त्यांनी जिन्याकडे पाहिले, मग सर्वात वरच्या खांबाकडे. तिथे पाइप मोकळाच हलत होता.

"राहू दे आता," वहिनी म्हणाली. "तिथूनच पडले होते ते. आज खाली झोपू देत, पुढचं पुढे बघू."

आबांनी नुसता हात पुढे केला. "बघू तो बिट."

दादाने खाली मान घालून मला त्यांच्या तळहातावर ठेवले. आबांनी अंगठ्याने माझी धार चाचपली. हात जराही थरथरत नव्हता.

"भाजलाय, मेला नाहीये," ते म्हणाले. "सूनबाई, माझ्या टेबलाखाली धार लावायचं चाक आहे, हाताने फिरवायचं. आणतेस?"

वहिनी जिन्याकडे गेली. खाली पाहत, दोन्ही बाजूंच्या कठड्यांना घट्ट धरत ती एकेक पायरी चढली. वरच्या पायरीवर मात्र तिने मोकळा पाइप सोडला आणि भिंतीकडचा कठडा दोन्ही हातांनी धरला. चाक काखेत धरून ती उतरली. बाकीचा कठडा जराही हलला नव्हता, हे तिला कळले होते.

"फिरव," आबा म्हणाले. वहिनीने मूठ फिरवली. आबांनी मला तिरपे धरून चाकाला टेकवले, लगेच उचलले, पाण्यात बुडवले, पुन्हा टेकवले. निळा भाग झडला. मूठ फिरवता फिरवता वहिनी त्यांच्या बोटांकडे बघत होती. खाटेवर बसवून ठेवायचा माणूस तो नव्हता, हे तिला दिसत होते. मलाही दिसत होते.

धार आली. वहिनीने मला उचलले, दादाच्या हाताला ओलांडून ताईच्या हातात दिले आणि स्वतः तेलाचा डबा घेऊन तिच्या मागोमाग वर गेली. थेंब पडला. मी सावकाश फिरलो. टक, टक, टक! कंबर पिळली, सरळ झाली आणि मी शेवटचा खांब पार केला. बोल्ट बसला. वहिनीने कठड्याला आपल्या सगळ्या जोराने हिसका देऊन पाहिला. मग तिने खाली वाकून हाक मारली, "आबा, या वर!"

आबा चढले. एक पायरी, थांबणे, पुन्हा एक पायरी. दादा मागे, ताई पुढे. वर पोहोचून त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? बंद पडलेल्या घड्याळांना किल्ल्या दिल्या.

माझे पुढचे दिवस सगळेच सुखाचे गेले नाहीत. दादाने एकदा मला विटांच्या भिंतीत घुसवले. ते माझे काम नव्हे, माझी धार पार गेली. मग मी खिळ्यांच्या डब्यात पडलो, पावसाळाभर ओल लागून गंजलो. आबांनीच शोधून काढले, घासले, तेल लावले. आता मी फार आखूड झालो आहे आणि त्यांच्या टेबलावर, कापडाच्या घडीत असतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हत्यारे विकत घ्याल. तेव्हा रंग बघून भुलू नका. कोणत्या कामासाठी हवे ते दुकानात आधी सांगा आणि आम्ही काय सोसायला घडलो आहोत ते विचारून घ्या. काम झाल्यावर पुसून, तेल लावून कोरड्या जागी ठेवा. आणि धार गेली म्हणून फेकून देऊ नका, आधी चाकाला लावून बघा.

आबा आजही रोज संध्याकाळी जिना उतरतात आणि चढतात. वर आले की शेवटच्या खांबाच्या बोल्टवर बोट ठेवून म्हणतात, "हे भोक माझं आहे." आणि वहिनी आतून रोज तेच उत्तर देते, "चाक मी फिरवलं होतं, आबा."