तीन ठिपक्यांची विजेरी

मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात पितळ तापू लागलं, की न्हावऱ्याच्या आमच्या मामांच्या ओसरीवर किर्र किर्र असा बारीक, समाधानी नाद उमटतो. जुन्या विजेरीचं टोपण फिरवल्याचा. माणसं अंधारात विजेरी हुडकतात, मामा लख्ख उन्हात विजेरी न्याहाळतात, आणि ती पेटते की नाही या क्षुद्र प्रश्नात त्यांनी कधी लक्ष घातलेलं नाही.

दौंडची रेल्वेची नोकरी संपवून आलेल्या आणि मामी गेल्यावर पार मुक्या झालेल्या या माणसाला विजेऱ्यांनीच पुन्हा बोलतं केलं, हे मात्र मान्य करायला हवं. टोपणाच्या आट्यांत नख फिरवून ते आटे सात की नऊ हे डोळे मिटून सांगायचं, बटणाचा रिव्हेट पितळी की लोखंडी यावरून तिचा काळ ठरवायचा, आणि तोवर ऐकणाऱ्याचा चहा पाणी होऊन जायचा.

या साधनेतला परमोच्च शोध म्हणजे तीन ठिपके. काही टोपणांच्या आत त्यांना तांबडे तीन ठिपके आढळले, आणि ही कारखान्याच्या पहिल्या घाण्याची खूण, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तसल्या पाच विजेऱ्या त्यांनी कांद्याच्या पिशव्या देऊन जमवल्या. पाचही आमच्याच आळीत मिळाल्या, याचा अर्थ त्यांच्या लेखी एवढाच, की कारखान्यानं पहिला माल थेट न्हावऱ्याला धाडला होता! मी हसलो, तर आठवडाभर अबोला.

गेल्या रविवारी पुण्याहून एक जाणकार आले. जुन्या विजेऱ्यांवर ते पुस्तक करत होते, आणि त्यात हा शोध मामांच्या नावानं छापायचा होता. इस्त्रीचा सदरा घालून मामांनी पाचही टोपणं उन्हात उताणी मांडली. तेवढ्यात शेजारच्या पारूमावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या, आणि वाकून बघतात तो काय.

“आवं दादा, ही तर वहिनींची खूण! पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ त्या भांड्यांना लावायच्या न्हाई का? कुणाच्या लग्नात गेली तरी वळखून माघारी यावीत म्हणून. बॅटऱ्या बी न्यायचीच की लोकं मागून. आन् ह्यो तांब्या बी तुमचाच, द्यायचा ऱ्हाऊन गेला.”

त्यांनी ताक पातेल्यात ओतून तांब्या पालथा केला. बुडाशी तीन तांबडे ठिपके.

म्हणजे मामांनी स्वतःचेच कांदे देऊन स्वतःच्याच विजेऱ्या घेतल्या होत्या! मला हसू आवरेना. पाहुणे उगाचच खोकले. मामा मात्र ठिपक्यांवरून सावकाश बोट फिरवत होते.

“तिसरा ठिपका तिचा कायम खाली घसरायचा,” ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, “सायेब, माझं नाव नका छापू. ह्यो माल घरचा हाय.”

विजेऱ्यांच्या नोंदवहीतलं ‘पहिला घाणा’ त्यांनी खोडलं आणि तिथं मामींचं नाव लिहिलं, यमुना. ऊन ओसरीवरून उतरलं तरी ते तसेच बसून होते, पाच विजेऱ्या आणि एक तांब्या यांच्यामध्ये. घराबाहेर गेलेलं ओळखून माघारी यावं म्हणून मामी आयुष्यभर ठिपके देत राहिल्या, आणि इतक्या वर्षांनी का होईना, एकेक वस्तू परतली. मामींना तेवढी कुणी खूण करून ठेवली नव्हती.