घरचा दोर, सरकारी विमान

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आसामातल्या विमानतळावर मालाच्या विमानाची चाकं हलली आणि तेवढ्यात माझी गाठ सुटली. सुटली म्हणजे सोडली. मी दोर बोलतोय. मार्गासनी गावचा, अंबाडीचा. मी तुटलो असा माझ्यावर आळ आहे. मी तुटलो नाही, हे आधी सांगतो, बाकीचं मग.

मला गेनबानं वळलं. त्याची आई बयाबाई एक टोक धरून मागं मागं सरायची आणि तो पीळ भरायचा. बैलाच्या पाठीवर भाताची पोती घालून तो घाट उतरायचा, तेव्हा ती मीच धरलेली असत. वळण आलं की तो मला ओढून बघायचा. ओझं हललं की बैल दरीत जातो, हे त्याला ठाऊक होतं.

त्याची बायको ठकुबाई पहिल्यांदा अडली तेव्हा घरातली एकूण एक गाठ सोडली. आमच्याकडची रीतच ती. बाई मोकळी व्हावी म्हणून कुलपं उघडायची, डब्यांची झाकणं काढायची, जनावरांची दावीसुद्धा सोडायची. मी मात्र गोठ्यामागं पेंढ्याच्या भाऱ्याला आवळलेलाच राहिलो. गेनबाला आठवलं तोवर उशीर झाला होता. पोर झालं, पण रडलं नाही. कुणी गेनबाला बोललं नाही. तोच स्वतःला बोलत राहिला.

पुढं लढाई आली आणि तो भरती झाला. पत्र्याच्या पेटीला बांधून मलाही नेलं. ब्रह्मदेशात लढणाऱ्या फौजेसाठी विमानात तांदूळ, डाळ, तेलाचे डबे भरायचे आणि माल टाकायला बरोबर उडायचं, हे त्याचं काम. जड माल मध्यावर, पंखांजवळ. मग विमानाच्या तळातल्या कड्यांना दोर. विमान चढताना घाटातल्या बैलासारखं पुढून उचलतं आणि सगळं ओझं मागं यायला बघतं. दोर कायम कमी पडत, म्हणून गेनबानं मला पेटीवरून काढून कामाला लावलं. हवालदार एकेक दोर ओढून बघायचा. मला एकदाच ओढायचा आणि पुढं जायचा. अभिमान वाटायचा मला, खोटं कशाला बोलू?

मधे गेनबा एकदा घरी जाऊन आला. पुढच्या साली पासली गावचा म्हादू, त्याच्याच तुकडीतला, सुट्टीवरून परतला.

“मार्गासनीला वैनी दिसली. खाली वाकता येत न्हवतं. आता कवाबी.”

“मंजी कवा?”

“म्या काय सुईण हाय व्हय रं?”

गेनबा हसला नाही. “वाटंत लई दिस गेलं न्हवं तुजं?”

“लई. पूल वाहून गेलाय, गाड्या खोळंबल्यात. टपाल तेवढं नावंनं पल्याड जातंय.”

“मग सुटली असती तर कळीवलं असतं की घरच्यांनी. अजून अडलीया ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार तपासून खाली उतरला. पंखे गरगरले. गेनबा गुडघ्यांवर बसला आणि मला सोडू लागला.

“आरं, येडा झालास का?” म्हादू ओरडला.

“ही घरची गाठ हाय. बाकीच्या सरकारी.”

“दुसरा दोर लाव मग!”

“कुठं हाय? घडीभर मोकळी ऱ्हाऊंदे, वर गेलं की परत बांदतो. तवर म्या हाय की.”

आणि तो माझ्या जागी बसला. पोत्यांना पाठ लावली, पाय रोवले. घाटात ओझं कललं तर तो अशीच पाठ लावायचा.

विमान पुढून उचललं. पोत्यांची रांग एकदम मागं आली. विमान डगमगलं, कसंबसं वळून खाली उतरलं. म्हादूनं पोती ओढून काढली. गेनबाला पाणीही मागता आलं नाही. माझं एक टोक त्याच्या मुठीत होतं.

“दोर तुटला,” म्हादूनं साहेबाला सांगितलं. मित्राला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

गेनबा गेल्याची तार घरी आधीच आली होती. पुढं म्हादू पेटी घेऊन मार्गासनीला आला आणि तेच बोलला. ठकुबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला पेटीवरून ओढून घेतलं आणि हातातून सरकवत बघत गेली, शेवटापर्यंत.

“कुठं तुटलाय, भावजी?”

म्हादूला खोटं पुढं रेटता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. मग पोराकडं बघून विचारलं, “हे कवाचं?”

“तुमी हितनं गेला न्हवं, त्याच्या दुसऱ्याच दिशी. काई तरास झाला न्हाई.”

बयाबाईनं तोंडावर पदर घेतला. “म्याच म्हनले, पयलं गेलंय, दिष्ट लागंल. बारसं होऊंद्या, मग कार्ड टाकू.”

कार्ड टाकलंही होतं. ते पोचलं तेव्हा घ्यायला गेनबा नव्हता.

आता मी खुंटीला असतो. ठकुबाई मला ओझ्याला लावू देत नाही आणि फेकूही देत नाही. पोर रांगत येतं, माझं लोंबतं टोक तोंडात घालतं. ती चुलीपुढून धावत येते आणि काढून घेते.

बायांनो, तुमचं माणूस लांब असेल, ओझी बांधत असेल, गाडी हाकत असेल, तर बाळंतीण सुटेल त्याच दिवशी त्याला कळवा. पाचवीची वाट बघू नका, बारशाची बघू नका. दृष्टीची भीती कुणाला नसते? पण तिकडं तो कसल्या काळजीत बसलाय, हे घरातून दिसत नाही. मुलगा होवो, मुलगी होवो, जगो न जगो, बापाला कळू द्या. ओढ्यावर, बाजारात, चार बाया जिथं भेटतील तिथं एवढं सांगा.