आकडा हलतोय तोवर

“बाबा, तुमचा डबा बिघडलाय!” मी स्वयंपाकघरातून ओरडले. भिंतीवरच्या सोलर कंट्रोलरवरचा विजेचा आकडा चारशे बारा, चारशे नऊ, चारशे चौदा असा नाचत होता.

“बिघडलाय म्हणे! तीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर पॅनेलं बसवली मी, आणि ही मला शिकवते.” बाबा आईच्या खाटेजवळून उठून आले. “हलतोय तोवर ठीक आहे. थांबला की सांग.”

“म्हणजे?”

“ऊन एकसारखं असतं का? ढग येतो, पॅनेल तापतं. जास्तीत जास्त वीज मिळायची जागा सारखी बदलते, आणि ती याला ठाऊक नसते. मग हा व्होल्टेज जरा वाढवून बघतो. वीज वाढली? अजून पुढे. घटली? फिर मागे. दिवसभर हाच उद्योग.”

“वैताग येत नाही त्याला?”

“नाही. तुझ्यावर गेला नाही तो.”

मला हसू आलं नाही. टेबलावर मी आणलेला चित्रांचा तक्ता पडला होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईची वाचाच गेली होती; चार महिन्यांनी परत येत होती, पण भलतीच. रोज नवी चूक. मला ते बघवत नव्हतं. ‘बोलायला लावून छळू नका तिला, चित्रावर बोट ठेवेल ती,’ असं मी सकाळीच बाबांना सुनावलं होतं.

त्यांनी तक्ता उचलला. “काल चहाला ‘चप्पल’ म्हणाली. आज ‘चमचा’, मग ‘कप’. रोज तीच चूक केली असती ना, तर घेतला असता हा.” आणि तक्ता सरळ कपाटामागे सरकवला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. “दादा.”

बाबा थबकले. आईने स्वतःच मान हलवली. नाही. “काका.” तेही नाही. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना नावाने हाक मारणं तिला जन्मात जमलं नव्हतं. मग ती शोधत होती ते काय, हे मला तेव्हा कळलं.

“आहे... आहो...” कपाळावर घाम आला तिच्या. “अहो.”

“काय गं?” बाबा म्हणाले, चार महिन्यांपूर्वी म्हणायचे तसंच, जरा त्रासिक.

“चप्पल,” आई ऐटीत म्हणाली.

बाबांनी चहाचं आधण ठेवलं. साखर टाकताना निम्मी ओट्यावर सांडली.